त्रिनिदादला काय चुकवू नये?

कॉलेजरोडकर: जानेवारीत दहा दिवस त्रिनिदादला चाललोय, मेव्हणा तिथंच असतो, बीच तर बघूच पण अजून काय?

पंचवटीची सून: कॅरोनी स्वॅम्प म्हणजे तिथली दलदल, तिथली संध्याकाळची बोट! लाल आयबिस पक्ष्यांचे थवे उतरायला लागले की हिरवं झाड बघता बघता लालभडक होतं, आमच्या ह्यांनी मोबाईल काढेपर्यंत उजेड गेला. पक्षी बघायला नांदूरमध्यमेश्वरला जाणाऱ्यांना तर वेडच लागेल.

मिसळवाला: सकाळी डबल्स खा. दोन मऊ 'बारा' म्हणजे तळलेल्या पोळ्या, त्यावर छोल्यांची पातळ भाजी, चटणी, कागदात गुंडाळून देतात, रस पार कोपरापर्यंत येतो. १८४५ पासून भारतातनं मजूर गेले ना तिथं, त्यांचीच चव. तिखट 'स्लाइट'च सांगा, मी मिसळीच्या जोरावर जास्त मागितलं अन् रडलो.

कॉलेजरोडकर: अन् बीच कुठला?

पंचवटीची सून: माराकस. तिथला रस्ताच डोंगरातनं, आपला कसारा आठवतो.