दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन हॉटेलात जेवायला जाणे कसे जमवावे?

निशिगंध:
नमस्कार. आमची मुलगी १९ महिन्यांची आहे आणि ती चालायला लागल्यापासून आम्ही बाहेर जेवायला जाणे जवळजवळ बंदच केले होते. गेल्या आठवड्यात सासूबाईंचा वाढदिवस होता, म्हणून आम्ही सहा जण रात्री साडेआठला हॉटेलात गेलो. पहिली दहा मिनिटे ती मजेत होती, पण जेवण यायला पाऊण तास लागला आणि तेवढ्यात तिने चमचे खाली टाकले, पाण्याचा पेला उपडा केला, उंच खुर्चीतून उतरण्यासाठी अंग ताठ करून भोकाड पसरले. शेवटी मी तिला कडेवर घेऊन बाहेर उभी राहिले, ते सगळ्यांचे जेवण होईपर्यंत. माझ्या उपाशी राहण्यापेक्षा, माझ्याकडे पाहून सासूबाईंनाही घास गोड लागला नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

नणंद म्हणते की तिच्या हातात मोबाइल द्यायचा, म्हणजे प्रश्नच मिटतो. मला ते पटत नाही, पण दुसरा उपायही सुचत नाही. या वयाच्या मुलांना घेऊन तुम्ही बाहेर जेवता का, आणि जेवत असाल तर नेमके काय करता? की ती मोठी होईपर्यंत थांबणेच योग्य?

दोघांचा बाबा:
निशिगंधताई, आमचा मुलगा पाच वर्षांचा आणि मुलगी अडीच वर्षांची आहे. तुमच्यासारखीच एक संध्याकाळ आम्ही काढली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या मुलीचे काहीही चुकलेले नाही. साडेआठ ही बहुतेक लहान मुलांची झोपेला येण्याची वेळ असते, आणि पेंगुळलेल्या, भुकेल्या मुलाला अनोळखी गोंगाटात पाऊण तास पट्ट्याने बांधून बसवले तर ते रडणारच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत मुलाला बाबागाडी किंवा उंच खुर्चीत एका वेळी एक तासापेक्षा जास्त वेळ अडकवून ठेवू नये, असे म्हटले आहे. तुमचा पाऊण तास जेवण येण्याआधीच संपला होता.

त्यामुळे आम्ही सगळे नियोजन त्या वाट पाहण्याभोवतीच करतो. मूल दुपारची झोप घेऊन ताजेतवाने उठल्यानंतर, हॉटेल उघडता उघडता पोहोचतो, कारण तेव्हा स्वयंपाकघरावर ताण नसतो. काय मागवायचे हे घरीच ठरवतो आणि बसल्याबरोबर मुलांचा पदार्थ आधी आणायला सांगतो. जेवण टेबलावर येईपर्यंत मुलीला खुर्चीत बसवतच नाही. आमच्यापैकी एक जण तिला बाहेर झाडे, गाड्या, दिवे दाखवत फिरवतो आणि ताट आले की तिला आणून बसवतो. या एका बदलाने आमचा निम्मा त्रास गेला. मुख्य पदार्थ वाढून झाले की लगेच बिलही मागवून ठेवतो, म्हणजे मूल कंटाळले तर तेवढ्यासाठी ताटकळावे लागत नाही.

फिरवण्याच्या पाळ्या मात्र घरून निघण्यापूर्वी ठरवून घ्या. ठरवल्या नाहीत तर प्रत्येक वेळी आईच उठते, आणि बाकीच्यांना ते जाणवतही नाही. तुमच्यासोबत आणखी चार मोठी माणसे होती. प्रत्येकाने दहा-दहा मिनिटे घेतली असती तर तुम्हाला गरम जेवता आले असते. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही, आमच्या घरीही हे बायकोने स्पष्ट बोलून दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

मोबाइलबद्दल: त्याच सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाने पडद्यासमोर बसू नये, आणि दोन वर्षांच्या मुलासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. पडदा पाहत जेवणारे मूल काय खाते आहे आणि पोट कधी भरले, याकडे त्याचे लक्षच राहत नाही, आणि मोबाइल काढून घेताना व्हायचा तो आरडाओरडा होतोच. त्याऐवजी आम्ही एका पिशवीत झाकणाचा छोटा डबा, जाड पानांचे चित्रांचे पुस्तक आणि एक कापडी बाहुली नेतो. या वस्तू एरवी घरात दिसत नाहीत आणि एका वेळी एकच बाहेर निघते.

सोनचाफा:
माझे मत थोडे निराळे आहे. थांबणे म्हणजे हार मानणे नव्हे. मुलगी अडीच वर्षांची होईपर्यंत आम्ही तिला आजी-आजोबांजवळ ठेवून कधीतरी दोघेच जेवायला जात असू, आणि कुटुंबाचे वाढदिवस घरीच पार्सल मागवून साजरे करत असू. कोणालाही त्यात उणे वाटले नाही. रात्री उशिराचे, लांबलेले जेवण तरी लहान मुलांशिवायच व्हावे असे मला मनापासून वाटते, मुलाच्या झोपेसाठी आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसांसाठीही.

रातपाळी:
मी बालविभागात परिचारिका आहे. वरचे सल्ले मला पटले, फक्त सुरक्षिततेबद्दल लिहिते, कारण हॉटेलात गप्पांच्या भरात तिकडेच दुर्लक्ष होते.

पहिली गोष्ट गरम पेयांची. चहा-कॉफीचा कप ओतल्यानंतर पंधरा मिनिटांनीही लहान मुलाची त्वचा भाजू शकतो. मांडीवर मूल असताना गरम कप हातात घेऊ नका, आणि टेबलावर कापड अंथरलेले असेल तर ते सरळ काढायला सांगा, कारण मूल ते ओढते आणि वरचे सगळे त्याच्या अंगावर येते.

दुसरी गोष्ट घास अडकण्याची. या वयात समोरचे दात असतात, पण चावून बारीक करणाऱ्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात. सगळ्यांत मागच्या दुधाच्या दाढा साधारण दोन वर्षांच्या आसपास किंवा त्यानंतर येतात. म्हणून अख्खे शेंगदाणे, इतर सुकामेवा, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नयेत, आणि द्राक्षे नेहमी उभी चिरून चार फोडी करून द्यावीत. मूल रडत, हसत किंवा पळत असताना तोंडात घास भरवू नका. त्याला गप्प करण्यासाठी घास भरवला जातो, आणि धोका नेमका तिथेच असतो.

ठसका लागून मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्या. खोकला फुटत नसेल, आवाज निघत नसेल, तर मदतीसाठी हाक मारा, मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा मारा. एक वर्षावरील मुलाचा घास तरीही निघाला नाही, तर मागून कवेत धरून बेंबीच्या वर पोटावर आत आणि वरच्या दिशेने पाच दाब द्या, आणि घास निघेपर्यंत हे आळीपाळीने करा. दिसत नसलेला घास काढण्यासाठी तोंडात बोट घालू नका, तो आणखी खाली सरकतो. एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर दाब द्यायचा नसतो, त्याची पद्धत वेगळी आहे. हे वाचून भागत नाही, शक्य असेल तर प्रथमोपचाराच्या वर्गात हाताने शिकून घ्या.

उंच खुर्ची टेबलाला अगदी खेटून ठेवू नये, मूल टेबलाला पाय रेटते आणि खुर्ची मागे कलंडते. पट्टा कमरेला आणि दोन्ही पायांमधून असा लावावा.

वाढपी:
मी अकरा वर्षे हॉटेलात वाढपी म्हणून काम करतो आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. टेबल राखून ठेवताना सोबत किती लहान मूल आहे हे फोनवरच सांगा. उंच खुर्च्या मोजक्याच असतात, आणि आधी कळले तर आम्ही भिंतीकडेची, वर्दळीपासून दूरची जागा ठेवतो. मुलासाठी तिखट-मीठ न घालता वेगळे काढून द्यायला निःसंकोच सांगा. मोठ्या भांड्यात तयार असलेल्या पदार्थातून ते जमत नाही, ताज्या बनणाऱ्या पदार्थात बहुधा जमते.

मुलाने सांडले, टाकले, रडले, याने आम्हाला राग येत नाही. मोठे तुकडे तेवढे उचलून ठेवले तरी पुष्कळ झाले. भीती एकाच गोष्टीची वाटते: मूल टेबलांमधून मोकळे पळत असेल तर. हातात भरलेला ट्रे असताना त्याखालचे, कमरेएवढ्या उंचीचे आम्हाला काहीच दिसत नाही. गरम रस्सा घेऊन वळताना पायात मूल आले, असा प्रसंग माझ्यावर एकदा आला आहे. मूल वाचले, माझा हात भाजला, पण तो क्षण आठवला की आजही अंगावर काटा येतो. फिरवायचे असेल तर बोट धरून किंवा कडेवर घेऊन, आणि शक्यतो दाराबाहेरच.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही तिघेच संध्याकाळी सहाला जाऊन आलो. फोनवर आधी सांगितले होते, कोपऱ्यातली जागा मिळाली, आणि जेवण येईपर्यंत तिला तिच्या बाबांनी बाहेर फिरवले. एकूण पन्नास मिनिटांत आम्ही बाहेर पडलो आणि मी माझे ताट गरम असताना संपवले. फक्त तिने हॉटेलातले काहीच खाल्ले नाही, घरून नेलेले केळेच खाल्ले. आग्रह करायला हवा होता का?

दोघांचा बाबा:
नको. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली वाटणी आम्ही पाळतो: काय, कधी आणि कुठे द्यायचे हे आईवडिलांनी ठरवायचे, खायचे की नाही आणि किती हे मुलाने. नवा पदार्थ स्वीकारण्याआधी मुलांना तो अनेकदा, कधी कधी दहा-पंधरा वेळाही, पुढ्यात यावा लागतो, आणि अनोळखी जागा ही त्यासाठी सर्वांत अवघड जागा. तुमच्या ताटातला छोटा तुकडा तिच्यासमोर ठेवा आणि केळे नेतच राहा.