दह्यातलं आम्ल लाकूड शिजवणार म्हणे!

प्रभातरोडकर: काल इथे एकाने लिहिलं, "कोलीन क्लोराइड कोंबडीच्या खाद्यात असतं, लॅक्टिक ॲसिड दह्यात. दोन्ही मिसळून तापवा, लाकडातलं लिग्निन (तंतू चिकटवून धरणारा घटक) विरघळतं, कागदाचा लगदा मिळतो. क्राफ्ट मिल (सोडा आणि सल्फाइडमध्ये लाकूड शिजवणारी कागदगिरणी) आता संग्रहालयात ठेवा." अहो, तीस वर्षं लगदा शिजवलाय मी. दह्याचं नाव घेतलं की रसायन सोवळं होत नाही. हे द्रावक काकवीसारखं दाट. धुवून काढायला पाणी, ते पाणी उडवायला वाफ. तो हिशोब कुठाय? क्राफ्टमध्ये ब्लॅक लिकर, म्हणजे शिजवून उरलेलं काळं पाणी, आटवून जाळतो, लिग्निनच इंधन होतं, सोडा परत मिळतो. १८८४ च्या पेटंटची पद्धत उगाच टिकली नाही.

औंधची_केमिस्ट: आणि क्राफ्टमधून सुटणाऱ्या मर्कॅप्टनचा, त्या गंधकी वायूचा, वास कुठल्या हिशोबात धरलात, काका? माझ्या मामाचं घर मिलशेजारी. पाहुणे जेवायला थांबायचे नाहीत.

प्रभातरोडकर: वासामुळेच थांबत नव्हते, याची खात्री आहे?

औंधची_केमिस्ट: मामीवर जाऊ नका! लाकडाचा साधारण पाव हिस्सा लिग्निन असतो. सगळं जाळण्यापेक्षा फिनॉलच्या जागी चिकटद्रव्यात वापरता येतं.

प्रभातरोडकर: प्रयोगशाळेत. तापवत राहिलं की लॅक्टिक ॲसिड कोलीनशीच जोडलं जाऊन एस्टर करून बसतं, द्रावक बिघडतं. तेच द्रावक कितीदा वापरलंत, ते सांगा.

नारायणपेठी: वर्तमानपत्र पिवळं पडतं ते या लिग्निनमुळेच ना? माझ्या दहावीच्या निकालाचं कात्रण हात लावला की तुटतं. लग्नपत्रिका शिवाजीनगरच्या हातकागदाची, अजून ठणठणीत.

औंधची_केमिस्ट: पत्रिका सुती चिंध्यांची, त्यात लिग्निन जवळपास नसतंच. वर्तमानपत्राचं लाकूड नुसतं दळलेलं, लिग्निन आतच राहतं.

भजीप्रेमी: त्याच कागदात भजी बांधतात! एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, २०१६ मध्येच नको म्हणून सांगितलंय.

नारायणपेठी: आमचे आजोबा तशीच भजी खाऊन ९१ वर्षं जगले.

भजीप्रेमी: न खाता शंभरी गाठली असती. शाई पोटात जाते, साहेब.

नारायणपेठी: छापलेलं पचवायची सवय आहे आम्हाला.

प्रभातरोडकर: विषय लगद्याचा आहे!

भजीप्रेमी: काकवी कोणी काढली आधी?

औंधची_केमिस्ट: काका, गव्हाच्या काडावर चालणाऱ्या छोट्या मिलचं काय? काडातल्या सिलिकामुळे रिकव्हरी (सोडा परत मिळवणं) अडते, बॉयलर परवडत नाही.

प्रभातरोडकर: हं. तिथला नाला पाहिलाय मी, कोऱ्या चहाच्या रंगाचा. तिथे करून बघा हवं तर. पण टनामागे धुण्याला किती पाणी लागलं ते इथे लिहायचं. तोवर 'ग्रीन' म्हणू नका.

औंधची_केमिस्ट: लिहीन. मामीची माफी मागा आधी.