मदत हवी आहे: कोकण किनाऱ्याची जुनी पत्रं, शिक्का लागत नाहीये

जुनी_पाकिटं:
वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंतच्या बंदरांचा टपाल इतिहास जमवतोय. एक नग अडलाय. शिक्क्यात इंग्रजी जे ए आय एवढंच दिसतंय, पुढे नुसती शाई. जयगड धरू का जैतापूर? जरा लवकर सांगा, रविवारपर्यंत संग्रहाचं पान लावायचंय.

टपालवेडा:
पाकीट की कार्ड? तिकीट कुठलं? पोचल्याचा शिक्का? फोटो कुठाय?

जुनी_पाकिटं:
कार्डच की. पाव आणा, व्हिक्टोरिया राणीचं. पोचल्याचा शिक्का मुंबईचा, साल गेलंय.

सागरी:
नीट बघा हो, सिंद डाक, आपल्याकडचं पहिलं तिकीट, निघालं तर लॉटरीच!!

टपालवेडा:
सिंद डाक १८५२ चं आणि अर्ध्या आण्याचं. पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ ला आलं. कशाला नादी लावताय त्यांना.

प्रज्ञा_के:
तिकीट काढायचं असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, आपोआप सुटतं.

टपालवेडा:
कार्डावर तिकीट छापलेलं असतं ताई, सुटणार काय? आणि पाकिटावरचंही सोडवू नका कधी, शिक्क्यासकट अख्खं पाकीट हाच तर इतिहास.

मालवणकर:
आमच्याकडे पावसात सगळ्याक बुरशी येता. लॅमिनेट करून टाका, टेन्शन नाय.

टपालवेडा:
लॅमिनेट??? मग रद्दीतच द्या. पीव्हीसीची पिशवी पण नको, पॉलिएस्टरची घ्या.

गिरणगाव:
तुमचं शिक्के शिक्के चालू दे, पण कोकणचं खरं टपाल म्हणजे मनिऑर्डर. १८८० पासून पोस्टातून पैसे जायला लागले, आणि मुंबईत गिरणीत असलेल्या माणसाच्या मनिऑर्डरीवर गावची चूल पेटायची. फॉर्मचं कुपन घेणाऱ्याकडे राहायचं, त्यावर दोन ओळी मजकूर. ती कुपनं कोणी जपत नाही, सगळे राणीच्या मागे.

जुनी_पाकिटं:
दादा मान्य, पण माझा प्रश्न जयगड की जैतापूर.

मोडीवाली:
कार्डावर मजकूर असेल ना? तो कोणी वाचलाच नाही का?

जुनी_पाकिटं:
मोडीत आहे, मला येत नाही. हा घ्या फोटो.

मोडीवाली:
मग शिक्का कशाला उकरताय, पत्राच्या वरच लिहिलंय: मु॥ जैतापूर. श्रावण, शके १८०८. अठ्ठ्याहत्तर मिळवा, १८८६ झालं.

सागरी:
१८८६! त्याच साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं ना? त्याच्याबद्दल काही लिहिलंय का?

मोडीवाली:
नाही. भात लावणी झाली आणि म्हैस आजारी आहे, एवढंच.

टपालवेडा:
श्रावणात आगबोटी बंद, म्हणजे हे घाट चढून गेलेलं टपाल. वाटेतल्या ऑफिसचा एखादा शिक्का असेल तर बघा, कार्डाची मजा त्यातच आहे. दोन्ही बाजू स्कॅन करून टाका.

मालवणकर:
बोटी बंद कशाक, मचवे चालत असतीलच की खाडीतून.

टपालवेडा:
खाडीतून मुंबई गाठणार? भर श्रावणात?

जुनी_पाकिटं:
थँक्यू मोडीवाली ताई. अजून गठ्ठा आहे, सगळा मोडीत. व्यनि (खासगी निरोप) करू का?