पहिल्यांदाच बर्फात गाडी चालवायचीये, सल्ला हवाय

मंडळी, पुढच्या महिन्यापासून रोज पहाटे साडेपाचला गाडी काढायला लागणारे. दहा वर्षं चालवतोय, पण पाऊस आणि धुकं एवढंच, बर्फ कधीच नाही. परवा नुसतं दव गोठलेलं तर वळणावर मागची चाकं अशी काही सटकली की पोटात गोळाच आला. टायर बदलू का, टायरवर चढवायची चेन घेऊ का, काय करू?

> चौथागिअर
आधी टायर. साध्या टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, विंटर टायरचं मऊ राहतं. आणि चारही बदला हां, दोनच बदलून पैसे वाचवायला गेलात तर गाडी गर्रकन फिरेल. हवा पण बघत जा, थंडीत आपोआप उतरते. चेन फक्त रस्त्यावर बर्फाचा थर असेल तेव्हाच.

> निवांतस्वार
दिसणाऱ्या बर्फाला सगळेच घाबरतात हो, न दिसणारा वाईट. मी एकदा पुलावर चढलो, रस्ता नुसता ओला वाटत होता, आणि अचानक टायरचा आवाजच बंद, एकदम शांत, तेव्हा कळलं की खाली पाणी नाही पातळ बर्फ आहे. पुलाला खालूनही गार वारा लागतो म्हणून तिथे आधी गोठतं. खूण सांगतो, रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाहीये, मग समजून जा. ब्रेक मारायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) तर बंदच ठेवा.

> धागाकर्ता
पण माझ्या गाडीला एबीएस आहे, मग?

> निवांतस्वार
एबीएसमुळे चाकं जाम होत नाहीत, गाडी वळवता येते. पण बर्फावर लवकर थांबेल असं अजिबात समजू नका. अंतर नेहमीच्या दहापट लागू शकतं.

> चहाबाज
काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो (विचारू नका कसं कळलं). आतून धुरकटली तर हीटरबरोबर एसी पण लावा, दमटपणा ओढून घेतो. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवून बसायची वेळ आली तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, नाहीतर धुरातला विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) आत येतो, वासही येत नाही त्याला.

> धागाकर्ता
पुलाचं माहीतच नव्हतं, माझ्या वाटेत तीन आहेत. टायर उद्याच बघतो आणि पाचलाच निघत जातो आता.