मदत हवी आहे : खांड पडलेल्या (फुटलेल्या) बाहेरकाठ्याच्या आत तिवरे (कांदळवनाची झाडे) उगवली आहेत, ग्रामसभेत नेमके काय मागावे?

खारेपाटकर :

नमस्कार. मी अलिबाग तालुक्यातील खारेपाटात, धरमतर खाडीच्या काठी वसलेल्या एका गावचा रहिवासी आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या विषयावरून गावात दोन तट पडले आहेत आणि ग्रामसभेचा ठराव अजून व्हायचा आहे. त्या ठरावाचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठीच जाणकारांची मदत हवी आहे.

खारेपाट ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमची भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बाहेरकाठा असतो आणि त्यात ठिकठिकाणी उघाड्या असतात. भरती चढू लागली की पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप आपोआप मिटते, आणि ओहोटी लागली की ती उघडून आतले पावसाचे पाणी बाहेर जाते. म्हणजे आमच्या शेताचा निचरा दिवसातून दोनदा, ठरावीक तासांपुरताच होतो. खाडीची पातळी जरा जरी वर राहू लागली तरी हे तास कमी होतात. बांधावरून पाणी येणे सगळ्यांना दिसते, पण उघाडी उशिरा उघडून लवकर मिटू लागली आहे, हे तिच्याजवळ राहणाऱ्यालाच कळते.

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. पंचवीस वर्षांचा हिशोब केला तर आठेक सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे होतात. आमच्या बांधाची उंची वडिलांच्या तरुणपणी ठरलेली आहे आणि मातीचा बांध दरवर्षी थोडा दबतच असतो. साडेचार मीटरवरच्या उधाणाला चार बोटांनी किती फरक पडतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्यावर आले, पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकले, आणि त्या दोन धक्क्यांत बांधाची बाहेरची दगडी बाजू ढिली झाली. अर्थात सगळे खापर हवामानबदलावर फोडणे मला पटत नाही. पूर्वी घरटी एक माणूस मृगाच्या आधी बांधावर मातीकामाला जात असे. बंदिस्ती सरकारी योजनेत गेल्यावर ती सवय सुटली, हा दोष आमचाच आहे.

तीन वर्षांपूर्वी आषाढी अमावास्येच्या उधाणात उघाडीजवळ खांड पडली. संबंधित खात्याने त्या वर्षी तात्पुरती माती टाकली, ती श्रावणातच वाहून गेली, आणि तेव्हापासून आमचे अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत आहेत. दरम्यान आतल्या सुमारे चाळीस एकरांपैकी खोलगट भागात तिवरे उगवून आली आहेत आणि काही तर कमरेएवढी झाली आहेत.

खरी अडचण इथे सुरू होते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत असे म्हटले आहे की, १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा त्या बांधापर्यंतच धरावी, परंतु बांधाच्या आत खारे पाणी शिरून जी कांदळवने वाढली असतील ती क्षेत्रफळ कितीही असले तरी सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडतील आणि ती जागा दुसऱ्या कामासाठी वळवता येणार नाही. कांदळवन वाचले पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा कांदळवन संरक्षणाबाबतचा २०१८ चा निकालही मी वाचला आहे. पण या तरतुदीचा गावातला अर्थ असा होतो की, दुरुस्तीला जितका उशीर, तितके आमचे शेत कमी. ज्यांच्या वाडवडिलांनी १९३३ ते १९३९ असा चरी गावचा शेतकरी संप करून याच भागात जमिनीचा हक्क मागितला, त्यांच्या नातवांची जमीन उघाडीच्या एका फळीपायी जात आहे.

गावातील एक तट म्हणतो की पूर्ण बाहेरकाठा पूर्वीच्याच रेषेवर बांधून मागावा. दुसऱ्या तटाला शेती सोडून कोळंबीची तळी करायची आहेत. यांपैकी कोणता मार्ग कायद्यात बसतो आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे टिकतो? पंचनाम्यासाठी कोणते पुरावे आत्ताच गोळा करून ठेवावेत? आणि जमीन खरोखर परत पिकाखाली येऊ शकते का?

दापोलीचा शेतकरी :

शेवटच्या प्रश्नापुरते सांगतो. जिथे रोजच्या भरतीचे पाणी येत नाही, फक्त उधाणाचे येते, ती जमीन परत येते. मे महिन्यात, म्हणजे क्षार सर्वांत वर आलेले असताना, प्रत्येक तुकड्यातील मातीचा वेगळा नमुना तपासून घ्या. विद्युतवाहकता ४ डेसीसायमेन प्रति मीटरच्या वर असेल तर ती जमीन क्षारयुक्त समजतात. कोणी जिप्सम टाकायला सांगितले तर आधी अहवाल पाहा, कारण जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीसाठी असते. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला गोडे पाणी आणि निचरा लागतो आणि कोकणात ते काम पाऊस फुकट करतो. बांध बंद झाल्यावर पहिल्या पावसाचे पाणी शेतात कोंडून ओहोटीला सोडून द्यायचे, असे दोन-तीन वेळा करून मगच रहू, म्हणजे मोड आलेले भाताचे बी, पेरावा. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे वाण अशाच जमिनींसाठी काढलेले आहेत. पूर्ववत उतारा यायला दोन-तीन पावसाळे धरून चला.

वेंगुर्ल्याची कालवेवाली :

कोळंबीच्या तळ्यांची घाई करू नका, ही विनंती. शेतजमीन किंवा कांदळवन मोडून कोळंबी प्रकल्प करायला तटीय मत्स्यशेतीच्या नियमांत मनाई आहे, नोंदणीही लागते, आणि एका तळ्याचे खारे पाणी झिरपून शेजाऱ्याचे भात जाते ते वेगळेच. तुमच्याकडे जिताडा घरामागच्या तळ्यात वाढवण्याची जुनी रीत आहे. तो गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांत जगतो, तेव्हा आधी त्याचा विचार करावा. कांदळवन न तोडता खेकडे, कालवे किंवा पिंजऱ्यातले मासे वाढवण्यासाठी वनविभागाच्या कांदळवन कक्षाची उपजीविका योजना आहे आणि गटाला खर्चाचा मोठा भाग अनुदान म्हणून मिळतो. आमचा दहा जणींचा गट आहे. खेकडे एकमेकांना खातात, पिल्ले बाहेरून आणावी लागतात, आणि पहिल्या वर्षी आम्हाला काहीच सुटले नाही, हेही सांगितले पाहिजे. कालव्यांनी मात्र हात दिला.

नकाशेवाला :

खारेपाटकर, आपण अधिसूचना बरोबर वाचली आहे, पण तिच्यातली अर्धी बाजू आपल्या उपयोगाची आहे. बांध १९९१ पूर्वीचा आहे हे सिद्ध झाले, तर आतील जो भाग खारावला आहे पण जिथे तिवरे नाहीत, तो भरतीरेषेच्या आत येत नाही. म्हणून चाळीस एकर हा एकच आकडा घेऊन कुठेही जाऊ नका. गट क्रमांकानुसार तिवरे असलेले आणि नसलेले क्षेत्र वेगळे मोजा, दोघांचीही तारीख व स्थान दिसणारी छायाचित्रे घ्या, १९९१ पूर्वीचे सातबारा उतारे आणि बंदिस्ती योजनेची जुनी कागदपत्रे काढा, आणि ई-पीक पाहणीत यंदाची पड न चुकता नोंदवा. खारे पाणी रोखण्यासाठीच्या बांधकामाला अधिसूचनेत मुभा आहे, त्यामुळे दुरुस्ती मुळातच निषिद्ध आहे असे कोणी सांगितले तर लेखी मागावे. मात्र बाहेरकाठा पूर्ण बुजवून वाढलेल्या तिवरांचे भरतीचे पाणी तोडले, तर तीही कांदळवनाची हानी ठरू शकते आणि तुमचे काम तिथेच अडकेल.

यावर माझ्या मते एकच तोडगा आहे. खोलगट, तिवरांचा भाग खाडीला सोडून त्यामागचा आतकाठा, म्हणजे शेताकडचा आतला बांध, उंच आणि रुंद करून मागा. बांधासमोर कांदळवनाचा पट्टा असला की लाटेचा मार त्यावर बसतो आणि मातीचा बांध अधिक काळ टिकतो. बांधाची लांबीही बहुधा कमी भरेल. उंची ठरवताना मात्र आजच्या उधाणात पुढच्या पंचवीस वर्षांची चार बोटे मिळवून घ्यावी आणि उघाड्यांची संख्या वाढवून मागावी, नाहीतर वरून पडलेला पाऊस आतच तुंबेल. नुकसानभरपाईसाठी लक्षात ठेवा की, राज्य शासनाने समुद्राचे उधाण हे मदतीस पात्र आपत्तींमध्ये धरलेले आहे, म्हणून पंचनाम्यात 'अतिवृष्टी' असे मोघम लिहू देऊ नका. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी किनाऱ्यांची व नदीकाठांची धूप रोखायला १,५०० कोटी आणि त्यामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपये सुचवले होते. खारावलेले शेत त्या व्याख्येत थेट बसत नाही, पण पाण्याला वाट देऊन माणसांची सोय लावणे हे धोरणात मान्य झालेले आहे, हे ठरावात नमूद करता येईल.

खारेपाटकर :

तिघांचेही आभार. काल आम्ही चौघांनी ओहोटीच्या वेळी आतकाठ्यावरून चालत जाऊन गट क्रमांकांची यादी केली. तिवरे असलेले क्षेत्र साधारण तेरा एकर भरते आणि ते अकरा घरांचे आहे. त्यात माझेही दीड एकर आहे, त्यामुळे आतकाठ्याचा पर्याय मांडताना मला संकोच होणार नाही, पण बाकीच्या दहा घरांना हा पर्याय सांगायला तोंड कसे उघडावे ते सुचत नव्हते. पूर्वी बांध फुटला तर मातीकाम सगळ्या गावाचे असे, जमीन कोणाची का असेना. त्याच धर्तीवर, वाचलेल्या सत्तावीस एकरांच्या मालकांनी बाहेर राहणाऱ्या अकरा घरांना पहिली काही वर्षे पिकातला वाटा द्यावा आणि कांदळवन योजनेच्या गटात पहिला हक्क या घरांचा असावा, असे मी सुचवणार आहे. शासनाकडे मागायच्या भरपाईत आणि गावाने आपापसात द्यायच्या वाट्यात गल्लत होऊन एकामुळे दुसरे बुडू नये, यासाठी हे दोन स्वतंत्र ठराव करावेत की एकाच ठरावाची दोन कलमे? नकाशेवाले किंवा ग्रामपंचायतीच्या कामाचा अनुभव असलेल्या कोणी एवढे सांगितले तर मसुदा या आठवड्यात पुरा होईल.