कॉफीच्या मळ्यात रोलर कोस्टर! पुण्याजवळ असं काही व्हावं का?

फिरती_आजी (बाणेर):
लेक नोकरीसाठी बोगोटाला असते, त्यामुळे यंदा कोलंबिया पाहून झालं. तिथल्या किंडियो प्रांतात मॉन्टेनेग्रो नावाचं गाव आहे (युरोपातला देश तो वेगळा). त्याच्याजवळ 'पार्के देल काफे' आहे, म्हणजे चक्क कॉफीचं उद्यान. १९९५ साली सुरू झालं, आणि ते उभारलं कॉफी पिकवणाऱ्यांच्या महासंघाने. सुरुवातीला कॉफीसंस्कृतीचं संग्रहालय होतं, पाळणे-बिळणे नंतर आले.

उतारावर कॉफीची झाडं, मधून पायवाट, बांबूंची बनं. एका मावशींनी माझ्या कमरेला टोपली बांधली आणि लाल फळं तोडायला लावली. फळ चिमटीत दाबलं की दोन बुळबुळीत बिया साबणासारख्या निसटतात. चाखल्या, तर गोड! कॉफीशी काही नातं असेल असं वाटतच नाही. मग नाचगाणं झालं, केबल कार झाली. नातू खूश, मीही खूश.

पुण्यात आपण वैशालीत फिल्टर कॉफीसाठी रांग लावतो, पण आपल्या चिखलदऱ्याला कॉफी होते असं सांगितलं तर निम्मे लोक हसतात. ज्वारी, हळद, ऊस, काहीही घ्या, पण पुण्याजवळ असं एक उद्यान का असू नये?

तिरकस_पेठकर:
उसाचं काढा. ट्रॉलीत बसून फेरी, शेवटी काट्यावर वजन. वजन बरोबर भरलं तर रस फुकट. फुकट कुणालाच मिळणार नाही म्हणा.

सकलेशपूरचे_जावई:
आजी, तुमचा उत्साह मान्य, तरी मला ही कल्पनाच खटकते. माझी सासुरवाडी हसन जिल्ह्यातली, सासऱ्यांची बारा एकर कॉफी आहे. सिल्व्हर ओकची सावली, त्यावर मिरीचे वेल, मार्चमध्ये पाऊस पडला की आठवड्या-दहा दिवसांत सगळा मळा पांढरा होतो आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. दिसायला स्वर्ग. पण फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून त्याच झाडाकडे तीन-तीन, चार-चार वेळा जावं लागतं. मजुरी किलोवर. हल्ली तोडणीला आसाम, झारखंडमधून माणसं येतात, लाइनीतल्या खोल्यांत राहतात. तुमची टोपली दहा मिनिटं कमरेला होती. त्यांची दिवसभर असते, आणि कुणी फोटो काढत नाही.

आणखी एक. त्या उद्यानातल्या एका रोलर कोस्टरचं नाव 'ला ब्रोका' आहे. ब्रोका म्हणजे कॉफीचं फळ पोखरणारा बारीक काळा भुंगा. कोलंबियात १९८८ मध्ये सापडला, आपल्याकडे १९९० मध्ये तमिळनाडूतल्या गुडलूरला. जगभर कॉफीवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात. आता कल्पना करा, यवतमाळला पाळणा उभा राहिला आणि त्यावर पाटी आहे 'गुलाबी बोंडअळी'. चालेल?

कर्वेनगर_कट्टा:
बोंडअळीवर बसायला माझा चुलतभाऊ पहिला येईल. कापूस लावून पस्तावलाय, निदान एकदा तरी तिच्या पाठीवर बसेल.

फिरती_आजी:
जावईबापू, मजुरांचं म्हणणं पटलं. तोडणाऱ्या बाईची मजुरी किती, हे मी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं.

पण मागचा काळ तुम्ही सोडून दिलात. कुणी किती कॉफी निर्यात करायची हे ठरवणारा कॉफी देशांमधला कोट्याचा करार १९८९ मध्ये मोडला आणि भाव निम्म्यावर आले. वर तुमचा तो भुंगा. नुसत्या कॉफीवर घर चालेना, तेव्हा किंडियोत पर्यटनाकडे वळणं सुरू झालं. मग २५ जानेवारी १९९९ ला भूकंप. आर्मेनिया, त्या प्रांताची राजधानी, तिथे आणि आजूबाजूला हजाराच्या वर माणसं गेली. मळ्यातली जुनी घरं आता पाहुण्यांना भाड्याने देतात. आम्ही उतरलो ते तसंच घर, लाल-हिरवे कठडे, व्हरांड्यात झोपाळा. मालकीण म्हणाली, कॉफी आहे अजून, पण घर पाहुण्यांवर चालतं. त्या बाईला मी काय सांगू, की हे संस्कृतीला शोभत नाही?

सकलेशपूरचे_जावई:
तिला काहीच सांगू नका. पण किंडियोत कॉफीखालची जमीन तेव्हापासून घटतच गेली, हेही खरं. २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नाव दिलं ते तिथल्या उतारावरच्या शेतांना आणि गावांना, पाळण्यांना नाही. पीक आटत जातं आणि पिकाचा उत्सव वाढत जातो, माझी भीती एवढीच. सकलेशपूर-चिकमंगळुरात तेच चाललंय. होमस्टेची पाटी मळ्याच्या नावापेक्षा मोठी.

हापूसप्रेमी:
विषय थोडा वेगळा, पण आजी, तिकडे टपरीवर मिळणारी कॉफी कशी होती? ऐकलंय की चांगला माल सगळा बाहेर जातो.

फिरती_आजी:
'तिंतो' म्हणतात, छोट्या पेल्यात काळी. आपल्या कटिंगसारखी दिवसभर चालते. खरं सांगू? पाणचट. चांगलं बी निर्यातीला, उरलंसुरलं घरी. तुमच्या नावावरून तुम्हाला हे सांगायची गरज नाही.

शिरूरचा_गडी:
इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो. तुम्ही म्हणता ते उद्यान माझ्याकडे आहे. रोलर कोस्टर नाही, हुरडा आहे. पाच वर्षं झाली. चार एकर रान, गुळभेंडी ज्वारी, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी दर शनिवार-रविवार पुण्याच्या गाड्या. आगटीत गोवऱ्या पेटवायच्या, कणसं भाजायची, हातावर चोळून दाणे मोकळे करायचे. ते चोळणं माझी आई करते, पाहुण्यांचे हात भाजतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, रेवड्या. पोरं बैलगाडीत बसतात. एकाने विळा हातात घेऊन फोटो काढला, उलटा धरला होता.

जावईसाहेब, तुमचं खोटं नाही. पण नुसती ज्वारी विकून काय हातात येतं ते मला विचारा. काढणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. शेजारच्यांनी ज्वारी मोडून ऊस लावला. माझ्या रानात ज्वारी अजून दिसते ती हुरड्यामुळे. आजी, कोलंबियात महासंघाने केलं हे मला महत्त्वाचं वाटलं. आमच्या रस्त्यावर आता बाहेरचे लोक जागा घेऊन 'ॲग्रो' काढतात, कणसं बाजारातून विकत आणतात. तिकीट तेच.

सकलेशपूरचे_जावई:
हे मी धरलंच नव्हतं. मळा ज्याचा, गल्ला त्याचा, असं असेल तर माझा विरोध अर्धा. उरलेला अर्धा पाळण्याच्या नावावर. ते मी बदलणार नाही.

तिरकस_पेठकर:
चर्चा राहू दे. शिरूरकर, यंदा हुरडा कधी? आम्ही आठ जण. आणि जाताना तुमच्या ज्वारीचं दहा किलो पीठ मिळेल का? घरी भाकरीला लागतं.

शिरूरचा_गडी:
ज्वारी आत्ता पोटरीत आहे, नाताळच्या सुट्टीत या. पिठाचं मात्र जमणार नाही. चारही एकर हुरड्यातच जातं, दाणा पिकेपर्यंत रानात काही उरत नाही. भाकरीची ज्वारी मी पण आठवडी बाजारातून आणतो.