वेताळ कुठून सुरू करावा? १९३६ पासून तर मुळीच नको

रानवाट

परवा एका वाचनगटावर कुणीतरी साधा प्रश्न टाकला होता: मुलाला वेताळ, म्हणजे ली फॉकचा चित्रकथांमधला मुखवटाधारी ‘फँटम’, वाचायला द्यायचाय, सुरुवात कुठून करू? सगळ्यात जास्त अंगठे मिळालेलं उत्तर असं: ‘१७ फेब्रुवारी १९३६ ची वर्तमानपत्रातली पहिली पट्टी घ्या आणि क्रमाने पुढे या. मधूनच उचलणाऱ्याला वेताळ कळत नाही.’ वाचून डोकं फिरलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट सिंगा टोळीची. वेताळाची पुढे बायको झालेली डायना बोटीवरून अंबरग्रीस (देवमाशापासून मिळणारा महागडा पदार्थ) घेऊन येतेय आणि चाचे तिच्या मागावर आहेत. ली फॉकच्या मनात तेव्हा न्यूयॉर्कचा जिमी वेल्स नावाचा श्रीमंत रिकामटेकडा पोरगाच वेताळ निघणार होता. गोष्ट अर्ध्यावर असताना त्याने बेत बदलला आणि जिमी बिचारा तसाच लोंबकळत राहिला. वेताळाचा देश नक्की कुठे आहे तेही ठरलेलं नव्हतं. आधी आशियाच्या बाजूला, मग सरकत सरकत आफ्रिकेत. राष्ट्राध्यक्ष लुआगा नाही, वेताळाने सांभाळलेला रेक्स नाही, जंगल गस्तीदल नाही. लेखक अजून चाचपडतोय अशा जागी नव्या वाचकाला उभं करायचं आणि वर म्हणायचं, हाच खरा वेताळ!

आमच्या दादाने तेरा वर्षांच्या लेकीला तेच दिलं. तिने चार पानं चाळून ठेवून दिलं. मी तिला साय बॅरी या नंतरच्या चित्रकाराने काढलेली गस्तीदलाची गोष्ट दिली. दलाचा सेनापती कुणीच पाहिलेला नाही. कचेरीत एक तिजोरी आहे, तिच्यात रात्री हुकमाचा कागद येतो, आणि सकाळी कर्नल तो उघडून वाचतो. मग आपल्याला दाखवतात की तिजोरीचा तळ खालून उघडतो, खाली भुयार आहे आणि ते बाहेरच्या कोरड्या विहिरीत निघतं. पोरीने ते पान उलटसुलट करून पाहिलं आणि लगेच पुढची गोष्ट मागितली.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: १९६१ नंतरचा बॅरी घ्या. कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, बापाकडून लेकाकडे आलेल्या गादीवरचा हा एकविसावा वेताळ वगैरे फॉक दर दोन-तीन गोष्टींनंतर पुन्हा सांगतोच. गोष्ट त्या-त्या वेळी संपते. क्रमाची गरजच काय?

कवटीछाप

साफ असहमत. ते उत्तर मी लिहिलेलं नाही, पण लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं.

तुम्ही पहिला चित्रकार रे मूरची चित्रं नीट पाहिली आहेत का? अंधारी खोली, दिव्याचा एक झोत, आणि भिंतीवर फक्त सावली. त्या सुरुवातीच्या आठवड्यांत हा माणूस कोण, चांगला की वाईट, जिवंत की मेलेला, काहीच ठाऊक नसतं. ती भीती एकदाच मिळते. बॅरीच्या वेताळाला सगळे ओळखतात, तो भर उन्हात येतो, एक ठोसा मारतो, गालावर कवटी उमटते, संपलं. आणि सिंगा टोळीच्या पुढची मूरची गोष्ट, बायका वैमानिकांची स्काय बँड! १९३६-३७ मध्ये बायकांची अख्खी टोळी विमानं घेऊन लुटायला निघते. हे सोडून मुलीला विहीर दाखवता?

अजून एक. १९७७ ला वेताळ आणि डायनाचं लग्न झालं. तोवर तिने एक्केचाळीस वर्षं वाट पाहिली होती. १९३६ न वाचता ते लग्न वाचणाऱ्याला ते नुसतं लग्न दिसणार.

मेलबर्नकर

तुम्ही दोघंही जुन्यात अडकलाय. इथे ऑस्ट्रेलियात फ्रू हे प्रकाशन १९४८ पासून वेताळ छापतंय आणि अजून छापतंय. माझ्या मुलाने पेपरच्या दुकानातून एक अंक आपणहून उचलला. त्यात स्वीडनमध्ये लिहिलेली गोष्ट होती, कुठल्यातरी जुन्या पिढीतल्या वेताळाची, जहाजं आणि तलवारी असलेली. स्वीडनवाले साठच्या दशकापासून स्वतःच्या गोष्टी करताहेत आणि इतिहासात रमतात. मुलाला एकविसावा कोण ते माहीतच नव्हतं, काही अडलं नाही. जो हाताला लागेल तो अंक, हीच सुरुवात.

शिळाप्रेस

हाताला लागेल तो! तुमच्या हाताला लागतो हो. इथे मराठीत काय लागतं ते सांगा. १९६४ च्या मार्चमध्ये वेताळाच्या गोष्टी छापणारं इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं, १९९० ला बंद पडलं. आज दहा वर्षांच्या मराठी मुलाला मराठीत वेताळ द्यायचा तर दुकानात काय मिळतं? बॅरी की मूर ही चर्चा इंग्रजी वाचणाऱ्यांची. ज्याच्या घरी मराठीच वाचतात त्याच्यासाठी या धाग्यात एक ओळ नाही.

आणि जे अंक आहेत ते कुठे आहेत? संग्राहकांच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. मागितला तर पाच-पाच हजार सांगतात. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात इंद्रजालचे बांधलेले गठ्ठे होते. मी दुपारी तिथे जमिनीवर बसून वाचायचे. सातवीच्या सुट्टीत गेले तर मांडणी रिकामी. रद्दीत गेले म्हणाले. पुढे तेच शिक्के असलेले अंक मी एका विक्रेत्याकडे पाहिले. किंमत ऐकून परत आले.

पेटीबंद

संग्राहक म्हणून बोलतो. रद्दीत कुणी घातले? आम्ही? वाचनालयांनी घातले, आयांनी घातले, दिवाळीच्या साफसफाईत घातले. मी रद्दीवाल्याच्या तराजूतून उचललेले अंक आहेत माझ्याकडे. पिना गंजून पानाला भोकं पडली होती. एकेक पिन नखाने सोडवली, दोऱ्याने शिवलं. आज मराठी इंद्रजाल शिल्लक आहे ते आमच्यामुळे. तेव्हा तोंड सांभाळून.

शिळाप्रेस

शिल्लक आहे म्हणजे काय? न वाचता पिशवीत ठेवलेली गोष्ट शिल्लक कशी? मुलांसाठी काढलेलं नियतकालिक ते. तुम्ही दोऱ्याने शिवलंत त्याचं कौतुक आहे, पण शिवून कुणाला दिलंत वाचायला?

पेटीबंद

दिले होते. एकदा एका मित्राच्या मुलाला आठ अंक दिले, परत आले पाच, त्यातल्या एकावर बॉलपेनने मिशा काढलेल्या. त्यानंतर देणं बंद. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

कवटीछाप

अवांतर चाललंय, पण एक बोलतोच. ज्यांच्यासाठी तुम्ही भांडताय ते इंद्रजाल म्हणजे मूळ वेताळ नव्हेच. रोजच्या आडव्या पट्ट्या उभ्या पानात बसवायला चौकटी छाटल्या, काही गाळल्या. लांब गोष्ट ठरल्या पानांत कोंबली. वेताळाच्या देशाचं नावही बेंगाल्लाचं डेंकाली केलं. ज्याला मन लावून वाचायचंय त्याने हर्मीस प्रेसचे खंड घ्यावेत, पट्ट्या जशाच्या तशा आहेत. क्रमाने.

शिळाप्रेस

त्या एका खंडाच्या किमतीत आमच्याकडे महिन्याचा किराणा येतो. छाटलेल्या चौकटींतूनच आम्हाला डेंकाली कळलं, सोनेरी वाळूचा किनारा कळला, मासे खाणारे वाघ-सिंह असलेलं ते बेट कळलं. कोणती चौकट गाळली याने आमचं काही बिघडलं नाही.

अनवट

तुमचं भांडण संपलं असेल तर मूळ प्रश्नाच्या आधीचा प्रश्न विचारते. द्यावाच का? एक गोरा माणूस, चारशे वर्षं बापाकडून लेकाकडे चालत आलेली गादी, आणि भोवतीच्या काळ्या माणसांनी त्याला अमर मानून घाबरायचं. आपण ज्यांच्या राज्यात दीडशे वर्षं काढली त्यांचंच हे स्वप्न आहे. माझा लेक मला म्हणाला, ‘आई, जंगलातल्यांपैकी कुणी वेताळ का होत नाही?’ मला उत्तर देता आलं नाही. इंद्रजालमधूनच सुरुवात करायची तर १९७६ चा बहादूर द्या. आबिद सुरतींनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला, आपल्याच मातीतला, डाकूचा मुलगा.

रानवाट

@अनवट, प्रश्न खरा आहे आणि त्यासाठीच मी १९३६ ला विरोध करतोय. सुरुवातीच्या गोष्टींत जंगलातली माणसं नुसती पार्श्वभूमीला आहेत. साठच्या दशकात फॉकने देश स्वतंत्र केला, डॉक्टर लुआगाला निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष केला, आणि वेताळ त्याच्या सरकारच्या बाजूने उभा राहतो, वर नाही. वेताळाच्या सोबत जंगलात राहणाऱ्या बांदार लोकांना तर पहिल्यापासून ठाऊक आहे की हा मर्त्य माणूस आहे. घाबरणारे दुसरे. बांदारांचा प्रमुख गुर्रन वेताळाचा नोकर नाही, मित्र आहे. मुलाने तुम्हाला जे विचारलं त्याचं पूर्ण उत्तर यात नाही, हे मान्य. पण प्रश्न पडायला गोष्ट आधी वाचायला हवी ना?

अनवट

लुआगाचं मान्य. बाकीचं नाही. निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या देशात पोलीसदलाचा गुप्त सेनापती मुखवटा घालून विहिरीतून कागद पाठवतो, हे तुम्हाला खटकत नाही आणि तेच तुम्ही पहिलं पान म्हणून सुचवताय! तरी तेरा वर्षांच्या मुलीला द्याच, पण शेजारी बसून द्या. एकटीला नको.

मेलबर्नकर

शेजारी बसून? आमच्या शेजारी कोण बसलं होतं? मी वडिलांच्या नकळत, पाठ्यपुस्तकात घालून वाचला. मुलांवर थोडा भरवसा ठेवा.

एक मात्र कुणी बोललं नाही, ते सांगून टाकतो. आत्ता रोज येणारी पट्टी नव्या माणसाला अजिबात देऊ नका. फॉक १९९९ ला गेल्यापासून टोनी डीपॉल लिहितोय, चांगलं लिहितोय, पण गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतवल्यात की मागची काही वर्षं वाचल्याशिवाय पत्ता लागत नाही. वेताळाच्या मरणाच्या भाकिताचं ते प्रकरण तर फक्त मुरलेल्यांसाठी.

कवटीछाप

इथे सहमत. आणि म्हणूनच म्हणतो, क्रम लागतो.

रानवाट

आजच्या पट्टीला लागतो. बॅरीला लागत नाही. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

कवटीछाप

काही सिद्ध केलं नाही. फार तर एवढं देतो: पोरीला बॅरीच्या पाच-सहा गोष्टी द्या, लग्न मात्र देऊ नका. लग्नाआधी स्काय बँड वाचायला लावा. मूरची सावली एकदा तरी डोळ्यांखालून जायला हवी. त्यानंतर लग्न, त्यानंतर १९७९ मध्ये झालेली त्यांची जुळी मुलं. एवढंही करणार नसाल तर तुम्ही तिला साय बॅरी देताय, वेताळ नाही.

रानवाट

स्काय बँड देईन. तिला वैमानिक बायका आवडतील हे तुमचं बरोबर आहे. सिंगा टोळी नाही.

पेटीबंद

@शिळाप्रेस, रात्रभर विचार केला. अंक घराबाहेर जाणार नाहीत, त्यात बदल नाही. पण मी पुण्यात आहे, माझ्याकडे मराठीतले तीनशेच्या वर आहेत. कुणाला मुलांना घेऊन यायचं असेल तर रविवारी सकाळी या, टेबलावर काढून ठेवतो. हात धुऊन बसायचं, पेन बाहेर ठेवायचं, दोन तास.

शिळाप्रेस

पुण्यात. म्हणजे पुन्हा पुणेकरांचीच सोय झाली. आमच्या तालुक्यातून पुण्याला यायला एसटीने सहा तास लागतात. तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याला घेऊन येते. दोन तास पुरणार नाहीत, आत्ताच सांगून ठेवते.

पेटीबंद

तीन तास. पण पेन बाहेरच.